कोरसमधली नवी

स्टुडिओचं दार मी आतून जोरात ढकललं आणि पलीकडे कुणाचं तरी डोकं आपटलं.

दार साधं नव्हतं. वीतभर जाड, आत बुचाचा भुसा ठासून भरलेला आणि उघडायला लोखंडी दांडा. ते लागलं म्हणजे चांगलंच लागणार. मी घाबरून बाहेर आलो, तर एक मुलगी व्हरांड्यात कपाळ धरून खाली बसली होती.

"लागलं का?"

"नाही, मी अशीच बसते अधूनमधून."

"दाराला कान कशाला लावला होतात?"

"आत गाणं चाललंय का बघत होते."

"वर लाल दिवा पेटलेला होता ना. तो पेटला की समजायचं, चाललंय."

"दिवा बघायला मी काय वीज कंपनीतून आलेय? गाणं ऐकायला आलेय."

"या दारातून काही ऐकू येत नाही. म्हणून तर ते आहे."

"हो, कळलं," ती म्हणाली. "कपाळाला कळलं."

मी रुमाल ओला करून आणला. तिने तो टेंगळावर दाबून धरला आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघत विचारलं, "कोरसला एक बाई हवी आहे म्हणून निरोप होता... की आता नको?"

ही माझी बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं.

ती गेल्यावर भेटायला येणारे थांबले आणि घरात मी आणि मुलगी दोघंच उरलो. एका संध्याकाळी मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. खाली मान घालूनच तिने विचारलं, "बाबा, आईचा आवाज कसा होता हो?" मी सांगायला तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. गोड म्हणावं तर गोड नव्हता. किनरा, बारीक, पातळ... एकही शब्द बसेना. ज्याचं पोट ऐकण्यावर भरलं असा मी माणूस. मुलीने आईचा आवाज कधी ऐकलेला नव्हता, म्हणजे आठवण राहील अशा वयात ऐकलेला नव्हता. त्याचं कारण पुढे सांगतो. पण त्या संध्याकाळपासून मला एकच गोष्ट हवी होती. तिचा एकटीचा आवाज. एक ओळ मिळाली तरी चालली असती.

मिळायचा तर तो स्टुडिओतच मिळणार होता.

ती इमारत मुळात बर्फाचा कारखाना. कारखाना बंद पडला तेव्हा थोरल्या मालकांनी ती गोदामासाठी घेतली. असं सांगतात की पहिल्या दिवशी ते आत गेले, दार लावून घेतलं आणि त्यांना स्वतःच्या खिशातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. बर्फ वितळू नये म्हणून भिंतींत बूच भरलेलं होतं, त्याने बाहेरचा आवाजही अडवला होता. गोदाम राहिलं बाजूला, तिथे स्टुडिओ झाला. पुढे त्या खोलीचं इतकं नाव झालं की लोक तबकडी विकत घेताना मागे आमच्या स्टुडिओचा शिक्का आहे का बघत. परदेशी वादक येत आणि आत शिरल्यावर टाळी वाजवून बघत. सगळेच टाळी वाजवत. आम्ही काचेमागून हसायचो.

मी तिथे मदतनीस रेकॉर्डिस्ट म्हणून लागलो तेव्हा सगळे मिळून एकाच माईकसमोर गायचे. गायक पुढे, वाजवणारे बाजूला, कोरस मागे. कुणाचा आवाज मोठा यायला हवा, कुणाचा बारीक, हे पावलांवर ठरायचं. जमिनीवर मी खडूने खुणा करायचो आणि बायकांना त्या खुणांवर उभं करायचो.

कपाळावर टेंगूळ घेऊन ती पहिल्यांदा कोरसमध्ये उभी राहिली आणि मला काचेमागे फक्त तीच ऐकू आली.

कोरसमध्ये हे चालत नाही. पाच बायका गात असल्या तरी एकच बाई गातेय असं वाटायला हवं, आणि ती कोण हे कळता कामा नये. मी बाहेर येऊन तिची खूण पुसली आणि मागे केली. पुन्हा टेक. पुन्हा तीच. आणखी मागे.

"अहो रेकॉर्डिस्ट," ती म्हणाली, "असं करत करत मला रस्त्यावर उभी कराल."

"रस्त्यावरून पण ऐकू येईल तुमचा आवाज."

मी हे तक्रार म्हणून बोललो होतो. पण कोरसमधल्या बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. तिने खाली बघून नव्या खुणेवर पाय नीट जुळवले. माझे कान तापले. खोलीत अजूनही गारवा असायचा, तरी तापले.

कोरसमध्ये एक थोराड बाई होती. तिला सगळे ताई म्हणायचे, मीसुद्धा. पानाच्या डब्यासारखा तिचा आवाज, त्यात सगळं मावायचं. ताईने नव्या मुलीला आपल्या डाव्या हाताला उभं केलं आणि सांगितलं, "हे बघ नवी, तू गायचं नाहीस. तू माझ्यात मिसळायचं. मी श्वास घेतला की घ्यायचा, सोडला की सोडायचा."

"मग मी आले कशाला?"

"आलीस ते दिसतंय सगळ्यांना," ताई काचेकडे बघत म्हणाली.

तेव्हापासून तिचं नाव नवी पडलं. नंतर तिच्यामागून कितीतरी जणी आल्या, तिचे केस पिकायला लागले, तरी ती नवीच राहिली.

रोजचं झालं ते. ती गायची, मी तिला मागे करायचो, ती टोमणा मारायची. हळूहळू ती मिसळायला शिकली. एक दिवस असा आला की मी काचेमागे कान देऊन बसलो आणि मला ती ऐकूच आली नाही. गाणं छान झालं. वाजवणाऱ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र उगीचच वाईट वाटलं. का वाईट वाटलं ते कळेना. बाहेर आलो तर ती म्हणाली, "आज मागे नाही केलंत?"

"गरज पडली नाही."

"मग चेहरा का असा? कौतुक करायचं असतं अशा वेळी."

"चांगलं झालं."

"एवढंच?"

"ऐकू नाही आलात तुम्ही..."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला तेच हवं होतं."

त्यानंतर टाकीची गोष्ट.

बर्फासाठी पाणी साठवायची एक मोठी टाकी इमारतीच्या तळघरात होती. आत माणूस उभा राहील एवढी. थोरल्या मालकांनी तिच्या एका टोकाला स्पीकर आणि दुसऱ्या टोकाला माईक बसवला होता. गाण्याला घुमारा हवा असला की आवाज वरून त्या स्पीकरमधून टाकीत सोडायचा, तो आत घुमायचा आणि माईकमधून पुन्हा वर यायचा. आमच्या स्टुडिओच्या गाण्यांत जी खोली आहे असं लोक म्हणतात, ती त्या टाकीची. एकदा तिने मला विचारलं, "घुमारा येतो कुठून?" मी म्हटलं, "खालून, टाकीतून." तिला ते खरं वाटलं नाही.

एका दुपारी सगळे जेवायला बाहेर गेले होते. मी वर काचेमागे बसून टाकीचा माईक तपासत होतो. कानाला हेडफोन लावले तर आत कुणाचा तरी श्वास ऐकू आला. मग तिचा आवाज, लांबवर पसरलेला.

"अहो... रेकॉर्डिस्ट..."

मी बोलायचं बटण दाबलं. माझा आवाज खाली स्पीकरमधून जायचा. "तिथे काय करताय?"

खालून हसू आलं. हसणं संपलं तरी घुमारा हसतच होता. मला थांबावं लागलं. टाकीत एक शब्द विरायला वेळ लागतो. तो विरला नाही तर पुढचा शब्द त्यात बुडतो. म्हणून दोघांनाही एकेक शब्द टाकून वाट बघावी लागत होती.

"ऐकू... येतं?"

"येतं."

"एकटीच... गातेय. मागे... करणार?"

"नाही."

मग ती गायली. कोरसमधली ओळ नव्हे, कुठलंसं घरातलं साधं गाणं, भांडी घासताना म्हणावं तसं. मी डोळे मिटले. ती थांबली. मी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"लग्न..." मी म्हटलं आणि घुमारा विरायची वाट बघितली. "...कराल?"

खालून आधी नुसता तिचा श्वास आला.

"कुणाशी?" तिने विचारलं.

"माझ्याशी!" मी ओरडलोच. टाकीत तो शब्द इतका वेळ घुमला की तिला उत्तर देता येईना. ती हसत होती की रडत होती, घुमाऱ्यात कळलं नाही. शेवटी शब्द विरला आणि ती म्हणाली, "हो."

मागून आवाज आला, "म्हणाली ना हो? मग चला आता, जेवण गार होतंय." ताई दारात उभी होती. काचेमागच्या खोलीतला स्पीकर मी बंद करायला विसरलो होतो. "आजपासून तुम्ही आमचे जावई," ताईने जाहीर करून टाकलं. ती आजही मला जावईबापूच म्हणते.

त्या दुपारी टेप चालू नव्हती. मशीन चाचणीपुरतं लावलं होतं, रीळ चढवलेलंच नव्हतं.

आमचं लग्न झालं. पुढे स्टुडिओत नवी मशिनं आली. एका टेपवर शेजारी शेजारी कितीतरी पट्ट्या, प्रत्येकीवर वेगळा आवाज. आता सगळ्यांनी एकत्र यायची गरज उरली नाही. वाजवणारे सकाळी वाजवून जायचे, मोठी गायिका तिच्या सवडीने यायची. पण वाजवणाऱ्यांना गाणं कुठे चाललंय हे कळायला कुणीतरी गाऊन दाखवायला लागायचं. त्याला आम्ही कच्चा आवाज म्हणायचो. ते काम नवीकडे आलं. अख्खं गाणं ती एकटी गायची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. नंतर मोठी गायिका येऊन त्याच पट्टीवर गायची आणि खालचा कच्चा आवाज पुसला जायचा.

पुसायचं बटण माझ्याकडे. ती शेजारच्या स्टुलावर बसून चहा पीत बघायची.

"पुसा, पुसा. नीट पुसा. कोपऱ्यात राहील कुठेतरी."

"तुला वाईट नाही वाटत?"

"वाईट काय त्यात? कच्चं ते कच्चं." मग चहाचा घोट घेऊन, "तुम्ही ऐकलंत ना? झालं तर मग."

मुलगी उशिरा झाली. ती अजून बोबडं बोलत होती तेव्हा नवीचा आवाज बसला. सर्दी म्हणून आम्ही बरेच दिवस घालवले. मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, नाहीतर ती राहणार नाही. तिने मला विचारलंही नाही. सही करून मोकळी झाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने मुलीला मांडीवर घेतलं आणि दिवसभर तिच्याशी बोलत बसली. काय बोलली, मला माहीत नाही. मी औषधं आणायला आणि रक्त देणारी माणसं जमवायला धावत होतो. मला वाटत होतं की सगळी व्यवस्था नीट लागली म्हणजे झालं.

त्यानंतर आमच्या घरात तिचा आवाज आला नाही. ती ओठ हलवायची, मी आणि मुलगी ओठ वाचायचो. दुसऱ्या खोलीतून बोलवायचं असलं की टाळी वाजवायची. चिडली की दोन टाळ्या. मुलगी मोठी झाली, हातात कॅमेऱ्याचे फोन आले, आईच्या शेकडो चित्रफिती निघाल्या. सगळ्यांत ती हसतेय, हात हलवतेय, टाळी वाजवतेय.

तिकडे स्टुडिओही असाच मुका होत गेला. कोरसची गरज संपली, दोन मुली पट्टीवर पट्टी भरून दहा जणींचा आवाज काढायला लागल्या. मग वाजवणारे गेले. मग लोक आपापल्या घरीच गाणी करायला लागले.

मुलीने तो प्रश्न विचारला त्याच सुमारास कळलं की थोरल्या मालकांच्या नातवाने इमारत विकली. तिथे गाड्या लावायची जागा होणार होती. मी त्याच्याकडे गेलो. चांगला मुलगा. म्हणाला, "काका, टेपा ठेवायला कुणीच तयार नाही. पाडकाम सुरू होईपर्यंत हवं तेवढं ऐका."

मी रोज जायला लागलो. सकाळी डबा घेऊन जायचो आणि एकेक रीळ लावायचो. गाणं सुरू झालं की मला ती दिसायची. कुठल्या खुणेवर उभी होती, केस बांधलेले होते की मोकळे, सगळं. पण दिसणं काय कामाचं? कच्चा आवाज प्रत्येक टेपवरून गेलेला. टेकच्या आधी बायका हसायच्या-बोलायच्या, ते आम्ही पात्याने कापून टाकायचो. ते तुकडे पुढे नव्या कामाला वापरले जायचे. आम्ही स्वच्छ काम करायचो. त्याबद्दलच आमचं नाव होतं.

कुठलं तरी एक गाणं पुसायचं राहिलं असेल या आशेवर मी कपाटामागून कपाट ऐकत गेलो. राहिलं नव्हतं. कोपऱ्यातसुद्धा काही राहिलं नव्हतं.

उरली फक्त कोरसची रिळं. त्यांत ती होती, नक्की होती, पण पाच जणींत मिसळलेली. एकेक ओळ मी पुन्हा पुन्हा लावली. कधी वाटायचं, हा श्वास तिचा. पुन्हा ऐकलं की वाटायचं, कुणाचाही असेल. शेवटी ताईला फोन केला. म्हटलं, माझे कान थकलेत, तुम्ही या.

ताई आता काठी घेऊन चालते. मुलगी तिला गाडीतून घेऊन आली आणि कामाला निघून गेली. मी ताईला स्टुलावर बसवलं, हेडफोन लावून दिले. ती डोळे मिटून ऐकत राहिली. बोटं टेबलावर ताल धरत होती. गाणं संपलं तशी तोंडभर हसली. "काय गायचो हो आम्ही!"

"ताई, ती कुठे आहे यात?"

"ही काय, माझ्या डाव्या हाताला."

"ऐकू येते तुम्हाला?"

ताईने हेडफोन काढले. "नाही," ती म्हणाली. "ती ऐकू आली असती तर तुम्ही टेक थांबवला असता, जावईबापू."

मी रीळ उतरवून डब्यात ठेवायला लागलो. झाकण बसेना. ताईने ते माझ्या हातातून घेऊन बसवलं.

"मला येतो तिचा आवाज," ती म्हणाली.

मला कळलं नाही. "येतो म्हणजे?"

"काढता येतो. गाण्यातला नव्हे, आता माझा गळा गेला. बोलण्यातला. इतकी वर्षं तिच्या शेजारी उभी राहिले, तिचा श्वास माझ्यात घेतला. ती कशी हाक मारायची, कशी कुजबुजायची, तुमच्यावर कशी चिडायची, सगळं येतं." तिने माझ्याकडे बघितलं. "घरी एकटी असले की करते कधीकधी. करमत नाही मला. तुम्हाला... करून दाखवू?"

मला एका क्षणासाठी इतकं हवंहवंसं वाटलं की मी खुर्चीचा हात धरला. ताई तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "नको."

"का हो?"

"माझ्याकडे थोडासा शिल्लक आहे, ताई. नीट नाही, फार पुसट आहे. तुम्ही वर नवा भरलात की तो जाईल. मी आयुष्यभर हेच बघत आलोय. नवा कितीही हुबेहूब असला तरी खालचा जातो."

ताईने मान हलवली. तिचे डोळे भरून आले. "बरं. नाही करत."

"करा," मी म्हटलं. "पण मुलीसमोर करा. तिच्याकडे खाली पुसण्यासारखं काहीच नाही."

संध्याकाळी मुलगी परत आल्यावर आम्ही तिघंही आमच्या घरी गेलो. मी मुलीला एवढंच सांगितलं, "ताई तुला काहीतरी ऐकवणार आहेत. आईचं." "आणि तुम्ही?" तिने विचारलं.

"मी जरा खाली जाऊन येतो."

जिना उतरताना मी हाताने दोन्ही कान झाकले होते. शेजारच्या बाईने ते बघितलं असणार. रस्त्यावर आलो. गाड्या, बस, भोंगे, कुणीतरी लोखंडी पत्रे उतरवत होतं. मी मुद्दाम त्या पत्रेवाल्यापाशीच जाऊन उभा राहिलो. आमच्या खिडकीत दिवा दिसत होता. त्या खोलीत आता माझ्या बायकोचा आवाज होता, किंवा जगात त्याच्या सगळ्यात जवळ जाईल असं काहीतरी होतं, आणि मी खाली पत्रे मोजल्यासारखा उभा होतो. मनातल्या मनात तिचं ते टाकीतलं "हो" लावून बघायला गेलो. आलं. फार लांबून आलं, पण आलं.

पत्रेवाला काम संपवून निघून गेला तरी मी तिथेच होतो. मग वर खिडकी उघडली. मुलगी वाकून मला शोधत होती. मी दिसलो तसं तिने डोळे पुसले आणि 'या वर' अशी हाताने खूण केली.

तिच्यामागे ताई अजून बोलत होती. मी हात वर केला आणि खुणेनेच सांगितलं... अजून थोडा वेळ ऐक.